विरजणाची घरं

हव्वाच्या दारात उभं राहून कौतिकाबाईने वाडगं पुढे केलं. "विरजण दे वं माय," ती म्हणाली. "माझं परवाच्या उन्हानं नासलं."

हव्वाने वाडगं घेतलं. ती चुलीकडे वळली नाही, फडताळाकडेही नाही. ती भिंतीपाशी गेली, पायथ्याशी उकिडवी बसली आणि खुरप्याच्या टोकाने भिंतीचा लिंबाएवढा तुकडा अलगद सोडवला. तुकडा आतून पांढराशुभ्र होता, खरवसासारखा मऊ, आणि त्याला रानातल्या ओल्या पाचोळ्याचा वास होता. तिने तो वाडग्यात ठेवून वर ओलं फडकं घातलं आणि भिंतीला पडलेल्या खळग्यावरून बोट फिरवलं. एकदोन दिवसांत तो खळगा आपोआप भरून येणार, हे दोघींनाही ठाऊक होतं. त्याचं आता कोणाला काही वाटत नसे.

"मामा, बस," हव्वा म्हणाली. तिच्या भाषेत आजीला मामा म्हणतात. पहिल्यांदा तिने भर बाजारात अशी हाक मारली तेव्हा सगळी बोरखेडी हसली होती, आणि देवराव पाचपोराने कौतिकाबाईला मिशा कुठे ठेवल्या म्हणून विचारलं होतं. आता निम्मं गाव तिला मामाच म्हणत असे.

कौतिकाबाईला बसायला सवड नव्हती. ईसा नावाच्या नावाड्याचं घर अजून ताडपत्रीखाली होतं. त्याच्या भिंतीचा साचा बांधून तयार होता, भुसा भिजून पडला होता, आणि ऊन चढायच्या आत त्यात विरजण कालवायला हवं होतं. वाडगं पदराखाली धरून ती लगबगीने निघाली.

बोरखेडी हे वऱ्हाडातलं माळावरचं गाव. समुद्र इथून इतका लांब, की गावातल्या बहुतेकांनी तो पडद्यावरच पाहिलेला. त्या गावाच्या गायरानावर दोन उन्हाळ्यांपूर्वी समुद्रातली माणसं येऊन उतरली. दक्षिणेच्या महासागरात त्यांचं पोवळ्याचं बेट होतं, पाण्याच्या वर जेमतेम माणसाच्या उंचीएवढं. ते एका दिवसात बुडालं नाही. आधी विहिरी खारट झाल्या, मग माड वाळले, मग भरतीचं पाणी दारात येऊन परत जायला विसरू लागलं. शेवटी बोटी आल्या. कोणाच्या वाट्याला एक देश आला, कोणाच्या दुसरा. या थोड्या कुटुंबांच्या वाट्याला आधी हमरस्त्याच्या कडेची पत्र्याची छावणी आली. विदर्भाच्या उन्हात पत्रा म्हणजे तवा. हव्वाचा सासरा तिथेच एका दुपारी बसल्या जागी गेला. त्याची बायको अमीनाथ त्या छावणीचं नाव कधी तोंडाने घेत नसे; त्या दिशेला फक्त हनुवटी करून दाखवी.

बोरखेडीत आल्यावर पहिलं वर्ष सरकारने हात सढळ ठेवला. धान्य येई, डॉक्टर येई, इंजिनियर येई. प्रत्येकाच्या गळ्याशी लावायला दुभाष्याचं बटण आलं. ते आपल्या भाषेत बोलत आणि बटणातून पुस्तकी मराठी बाहेर पडे. आणि घरं बांधायला आलं तंतुबीज.

तंतुबीज म्हणजे एका बुरशीचं बियाणं. कापूस वेचून झाला की शेतात पऱ्हाटी उरते. गाव ती जाळून टाकत असे. ती कुटून तिचा भुसा भिजवायचा, त्यात तंतुबीज मिसळायचं आणि फळ्यांच्या साच्यात दाबून भरायचं. केसाहून बारीक असे पांढरे तंतू त्या भुशात शिरत, काडी काडीला मिठी मारत, एकमेकांत गुंतत. साचा उघडला की आतून सलग, हलकी, घट्ट भिंत निघे. मग भट्टीगाडी येई. भिंतीभोवती जाड कापडाचा तंबू लावून आत तापलेली हवा सोडत. बुरशी मरे, भिंत उरे. मेलेली भिंत तीच पक्की भिंत, असा नियमच होता.

पुढे सगळं आटत गेलं. नाही असं कोणी तोंडाने म्हटलं नाही. फक्त येणाऱ्या गोष्टी यायच्या थांबल्या. डॉक्टरचा वार चुकू लागला. धान्य निम्मं झालं. एका सकाळी सगळी बटणं एकदम मुकी झाली, कारण वरून त्यांची सोय बंद झाली होती. भट्टीगाडी दुसऱ्या जिल्ह्यात गेली ती गेलीच. सगळ्यात शेवटी, तंतुबीज बनवणारी प्रयोगशाळाच मिटली. तोवर चारदोन घरं भाजून झाली होती. बाकीची कच्चीच उभी होती, आणि काहींचे नुसते ओटे घालून वर ताडपत्री ताणलेली होती.

तेव्हा पारावर बैठक झाली. देवराव पाचपोराचं म्हणणं होतं की सरकारने आणलेली माणसं सरकारने न्यावीत. आपल्याच पोरांना काम नाही आणि हे मासेखाऊ लोक कोरड्या माळावर काय पिकवणार? बरेचजण खाली मान घालून होते, कारण बोलणं कडू असलं तरी अगदीच खोटं नव्हतं. कौतिकाबाई बायकांच्या गटाची अध्यक्ष. तिचं घर गावाचं शेवटचं. त्याला लागूनच गायरान आणि वस्ती. तिने एवढंच विचारलं, की ही माणसं परत त्या पत्र्याखाली गेली तर पुढचा उन्हाळा किती जण काढतील, आणि ते सांगायला कोण पुढे येतो? कोणी आलं नाही.

"पण बियाणं कुठून आणसान?" देवराव म्हणाला. "कारखानाच बंद झाला ना."

"दही लावाले काय दर वेळी डेअरीत जातो का आपण?" कौतिकाबाई म्हणाली.

अशी ती भिंत विरजणावर गेली. प्रयोगशाळेची सक्त सूचना होती की एका भिंतीचं बी दुसरीला लावू नये. दर पिढीला ते दुबळं होतं. पण दही टिकवायची एक रीत या बायकांच्या हाताला होती. त्यांनी विरजण मडक्यात ठेवलं, नासलं की शेजारणीकडून आणलं, आणि एकाच घरचं लागोपाठ दोनदा कधी वापरलं नाही, कारण त्याने दह्याला तार सुटते. या घरचं त्या घरी, त्या घरचं तिसरीकडे, असं ते फिरत राहिलं. जे दुबळं होतं ते वाटेतच नासून गेलं. जे उरलं ते उन्हाला, धुळीला आणि बोरखेडीच्या पाण्याला टक्कर देऊन उरलेलं होतं.

त्यातच गावाच्या बायकांकडून एक चूक झाली.

कच्च्या भिंतीला माती, शेण लागू देऊ नये, हे इंजिनियरने येताजाता बजावलं होतं. पण दिवाळी आली, आणि वस्तीतल्या त्या उघड्या, पांढऱ्याफटक भिंती बायकांना पाहवेनात. त्यांचा सण वेगळा असेल, पण सारवल्याशिवाय घराला घर कसं म्हणायचं? एका सकाळी गावच्या बायका शेणाच्या नि पांढऱ्या मातीच्या बादल्या घेऊन वस्तीत शिरल्या आणि बघता बघता त्यांनी भिंती, ओटे, अंगणं सारवून काढली. बोरखेडीत सारवण उरलं तर ओतून देत नाहीत. उरलेली बादली पुढच्या उंबऱ्यावर नेतात, तिथली त्याच्या पुढच्या. दोन दारांमधला वाटेचा पट्टाही हाताबरोबर सारवून घेतात, म्हणजे काम तुटत नाही. त्या दिवशी कौतिकाबाईच्या जुन्या मातीच्या घरापासून वस्तीच्या टोकाच्या अमीनाथच्या घरापर्यंत एक सलग ओला पट्टा झाला, आणि उरलेलं सारवण तसंच उंबऱ्या-उंबऱ्याने गावात परत गेलं. अमीनाथ पदर खोचून मागोमाग सारवत होती. तिला वाटलं, घराला घर बांधून घ्यायचा हा इथला काही विधी असावा.

हिवाळाभर काही दिसलं नाही. उन्हाळा लागला तसं मात्र नवल सुरू झालं. पहाटे भिंतींवर घामासारखे बारीक थेंब उभे राहत. दुपारी गावात कुत्रंही सावली सोडत नसताना कच्च्या घरांत पाऊल टाकलं की माठाच्या पोटात शिरल्यासारखं गार वाटे. भाजलेल्या घरांत तसं होत नसे. एका बैलगाडीचा आस एका भिंतीला घासून चीर पडली. आठवड्याभरात चीर शोधूनही सापडेना. हव्वाच्या घरची माणसं मजुरीला बाहेरगावी गेली आणि कच्च्या भिंतीला रोज लागणारं पाणी कोणी शिंपडलं नाही, तरी परत आली तेव्हा भिंत टवटवीत होती. कोणी पाणी घातलं, म्हणून त्यांनी घरोघर विचारलं. कोणीच घातलं नव्हतं. ऐन उन्हाळ्यात वस्तीतल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांतलं एकही माणूस उन्हाने आजारी पडलं नाही, तेव्हा मात्र कौतिकाबाई एकटीच हव्वाच्या भिंतीला हात लावून उभी राहिली.

अशात तालुक्याहून फोन आला. पुनर्वसन कचेरीतले निंभोरकर साहेब बोलत होते. माणूस वाईट नव्हता, पण त्याच्या हातात फार काही उरलं नव्हतं. भट्टीगाडी एकदाच, दोन दिवसांसाठी मिळाली आहे, तो म्हणाला. सगळ्या कच्च्या भिंती तेवढ्यात भाजून पक्क्या झाल्या तर वस्ती राहील. नाहीतर पावसाळ्याआधी माणसं छावणीत हलवावी लागतील. कच्च्या घरात कोणाला ठेवलं आणि काही झालं तर जबाबदार कोण?

कौतिकाबाईने ही गोष्ट अमीनाथला सांगितली. दोघी अंगणात तूर पाखडत होत्या. अमीनाथने सूप खाली ठेवलं, हमरस्त्याच्या दिशेला हनुवटी केली आणि म्हणाली, "तिकडं नायी. मी मरन तर इथं मरन."

"मरायचं कोण म्हणते वं? भिंतच भाजाची आहे." असं म्हणून कौतिकाबाईने खाली ठेवलेलं सूप स्वतःच पाखडायला घेतलं.

भट्टीगाडीबरोबर डॉक्टर शर्वरी पाठारे आली. हे तंतुबीज तिनेच घडवलं होतं. प्रयोगशाळा बंद झाल्यावर ती कुठेशी कॉलेजात शिकवत होती. इथे ती सुट्टी टाकून आली होती. वस्तीतून एक फेरी मारून ती परत आली तेव्हा तिचा चेहरा उतरलेला होता की उजळलेला, हे कौतिकाबाईला कळेना.

"हे तंतू जिवंत कसे?" शर्वरीने विचारलं. "तिसऱ्या-चौथ्या पिढीलाच मरायला हवे होते."

कौतिकाबाईने विरजणाचं सांगितलं. सारवणाचंही सांगितलं, जरा ओशाळून. शर्वरी रागावेल असं तिला वाटलं होतं, पण शर्वरी ओट्यावर बसली आणि तिने ते सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावलं. मग तिने गाडीतून एक पेटी आणली. तिला लांब तारा होत्या आणि तारांच्या टोकाला सुया.

तंतूंमधून विजेच्या अगदी मंद लहरी धावतात, ती म्हणाली. आपल्या नसांतून धावतात तशा, पण कितीतरी सावकाश. ही पेटी त्या लहरींचा आवाज करते. प्रयोगशाळेत एखाददुसरी टिकटिक ऐकू यायची, म्हणून तिने त्याकडे कधी फारसं लक्ष दिलं नव्हतं.

तिने अमीनाथच्या भिंतीत सुया खोचल्या आणि कळ फिरवली.

आधी नुसती खरखर आली. मग त्या खरखरीतून टिक आली, मग दोन, मग इतक्या की मोजता येईनात. जोंधळ्याच्या लाह्या फुटाव्यात तसा तो आवाज तडतडत होता. मध्येच दाटायचा, मध्येच विरळ व्हायचा, एका बाजूने उठून दुसऱ्या बाजूला निघून जायचा. अंगणात माणसं जमली होती, ती बोलायची थांबली. शर्वरीने ईसाला वस्तीच्या दुसऱ्या टोकाच्या भिंतीवर घागरभर पाणी ओतायला सांगितलं. त्याने ओतलं. सगळे वाट पाहत उभे राहिले. काही वेळाने पेटीतली तडतड एकाएकी दाटली, आणि तिचा एक लोट घरामागून घर ओलांडत यावा तसा त्यांच्याकडे आला.

"कळलं त्याला," शर्वरी हळूच म्हणाली. ते ती कोणाला उद्देशून म्हणाली नव्हती.

अमीनाथ पेटीजवळ येऊन बसली होती. तिने डोळे मिटले होते. सुरकुतलेला हात तिने भिंतीवर ठेवला, आणि तिला येत होती तेवढ्या वऱ्हाडीत आणि उरलेलं तिच्या भाषेत ती बोलू लागली. हव्वा मध्ये मध्ये शब्द पुरवत होती.

लहानपणी ती पाण्यात बुडी मारायची तेव्हा खाली असाच आवाज असे. पोवळ्याच्या कड्यांत लाखो बारके जीव राहतात; त्यांची सतत तडतड चाललेली असते. ते बेट माणसांनी बांधलेलं नव्हतं. डोळ्यांना न दिसणाऱ्या जिवांनी हजारो वर्षं आपल्या हाडांवर हाडं रचून ते पाण्याबाहेर आणलं होतं, आणि तिच्या आज्याच्या आज्याने त्याच दगडाचं घर केलं होतं. मग पाणी तापलं. कडे पांढरे पडले. त्यानंतर एकदा बुडी मारली तेव्हा खाली काहीच ऐकू आलं नाही.

"समुद्र वर नंतर आला," अमीनाथ म्हणाली. "आधी ते गप झालं. ज्या दिवशी गप झालं, त्या दिवशी आमाले समजलं का आता गाव नायी राह्यत."

भट्टीगाडीच्या चालकाने सहज म्हणून इंजिन सुरू केलं होतं, ते त्याने बंद केलं.

कौतिकाबाईने शर्वरीला बाजूला घेतलं. न भाजता राहू दिलं तर काय होईल, तिने विचारलं. शर्वरीने काही लपवलं नाही. हे विरजण आता तिने घडवलेलं राहिलं नव्हतं. ते पावसात कसं वागेल, छपराच्या लाकडात शिरेल का, त्याची धूळ कोणाच्या छातीत बसेल का, तिला माहीत नव्हतं. माहीत नसताना चांगलं आहे असं ती लिहून देऊ शकत नव्हती. आणि तिच्या सहीवाचून निंभोरकर साहेब वस्ती ठेवू शकत नव्हते.

"म्हणजे भिंत मारली त माणसं राह्यतात," कौतिकाबाई म्हणाली, "अन् भिंत ठेवली त माणसं जातात."

"आज तरी तसंच आहे, काकू."

सुरुवात कोणाच्या घरापासून करायची, चालकाने विचारलं. अमीनाथ उठली, तिने आपली वळकटी आणि भांडी अंगणात आणून ठेवली आणि आपल्या दाराकडे बोट केलं. दुसऱ्या कोणाचं घर आधी जाऊ नये, एवढंच तिला हवं होतं. दुपारभर तंबूच्या कापडाखाली तापलेली हवा घोंघावत राहिली. पेटीच्या सुया शेजारच्या भिंतीत होत्या. ती तडतड वाढली, फार वाढली, आणि मग एकदम मंदावली. संध्याकाळी अमीनाथ पक्क्या घरात शिरली. आत कोरडं, उबट होतं, भाजलेल्या भाकरीच्या पापुद्र्यासारखं. रात्री ती हव्वाकडे झोपली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्यांत आधी आला तो देवराव पाचपोर, आणि तो भांडायलाच आला होता.

"काय केलं तुमी?" तो लांबूनच ओरडला. "माझ्या गोठ्याची भिंत कालपासून तडकून राह्यली. म्हशी जिभा काढून बसल्या."

"तुह्या गोठ्याचं आमाले काय ठाव?" कौतिकाबाई म्हणाली. "तूच त सांगत फिरत होता, का यंदा गोठा गार हाये म्हून. चुन्याचा हात दिला म्हून."

शर्वरीने पेटी उचलली. गोठा गावाच्या आत होता, वस्तीपासून बराच लांब, बापजाद्यांच्या मातीच्या भिंतीचा. तिने सुया खोचल्या. तडतड आली. मंद, थकलेली, पण तीच. त्या भिंतीची माती नखाने खरवडली तेव्हा आत केसाहून बारीक पांढरं जाळं दिसलं. सारवणाची बादली दिवाळीत ज्या ज्या उंबऱ्याला टेकली होती, तिथून तिथून ते आत गेलं होतं. शाळेच्या भिंतीत ते होतं. मारुतीच्या देवळाच्या मागच्या भिंतीत होतं. कौतिकाबाईच्या घराच्या पूर्वेच्या भिंतीला तिचा नवरा असतानापासून एक भेग होती. ती भेग केव्हा मिटली हे तिला कळलंही नव्हतं.

मग हव्वा धावत आली आणि त्यांना वस्तीकडे घेऊन गेली.

अमीनाथच्या भाजलेल्या, मेलेल्या भिंतीचा पायथा ओला झाला होता. ओल वर चढत होती. त्या ओलीतून पांढऱ्या तंतूंची पातळ साय भिंतीवर सरकत होती, दुधावर धरते तशी. आजूबाजूच्या घरांच्या भिंती मात्र कोरड्या पडल्या होत्या. शर्वरी गुडघ्यांवर बसली. तिने ती साय बोटाने चाचपली. गावभरच्या भिंतींनी आपलं पाणी काढून इकडे पाठवलं आहे, ती म्हणाली. त्यांना वाटतंय की हे घर तहानेने वाळलंय.

"म्हंजे माझ्या म्हशींचं पाणी हिच्या घराले आलं?" देवरावने विचारलं.

"हो. आणि उन्हाळाभर इथलं पाणी तुमच्या म्हशींना जात असणार. इथली जमीन सखल आहे, ओल इथे जास्त आहे."

देवरावने आपला रुमाल काढून मान पुसली आणि त्या सायीकडे पाहत राहिला.

दुपारी निंभोरकर साहेब आले. दोन दिवसांत एकच घर भाजून झालेलं पाहून त्यांनी कपाळाला हात लावला. गाडी आज संध्याकाळी परत जायची होती. शर्वरीने त्यांना सगळं दाखवलं, पेटी ऐकवली. त्यांनी मन लावून ऐकलं. एकदा तर त्यांनी सगळ्यांना हाताने गप्प केलं. पण त्यांना वर उत्तर द्यायचं होतं. त्यांनी खडू काढून कौतिकाबाईच्या हातात दिला. सगळं गाव भाजा असं मी म्हणत नाही, ते म्हणाले. फक्त बाहेरून आलेल्यांच्या भिंती. त्यांच्या कोणत्या नि तुमच्या कोणत्या, तेवढ्या खुणा करून द्या.

कौतिकाबाई खडू घेऊन चालू लागली. सगळे मागे निघाले. ती हव्वाच्या भिंतीपाशी थांबली, तिथून पुढे ईसाच्या साच्यापाशी, तिथून वळून आपल्या स्वतःच्या घरापाशी. ईसाच्या साच्यात हव्वाचं विरजण होतं, हव्वाच्या घरात पूर्वी कौतिकाबाईच्या मडक्यातलं गेलं होतं, आणि कौतिकाबाईची भेग कोणाच्या तंतूंनी मिटवली ते कोण सांगणार? ती देवरावच्या गोठ्यापर्यंत जाऊन परत आली. खडू तसाच अख्खा होता.

"नायी जमत, साहेब," ती म्हणाली. "मले फरकच दिसत नायी."

"मग सरकारची जबाबदारी इथे संपली, बाई. धान्य नाही, गाडी नाही, काही नाही. उद्या काही झालं तर गावाला निस्तरावं लागेल."

"थे त आमी केव्हाचेच निस्तरून राह्यलो. तुमी फक्त यांना हलवू नका."

साहेबांनी गावाकडे पाहिलं. गाव म्हणतंय का हे, की एकट्या बाई म्हणतायत? आणि मग, ज्याच्याकडून कोणाची अपेक्षा नव्हती, तो देवराव खाकरला. "ठेवा म्हणतो मी. माझ्या म्हशींसाठी म्हणतो हं, माणसांसाठी नायी." अमीनाथने त्याच्याकडे पाहिलं आणि ती हसली. वस्तीतल्या कोणी तिला इतकं मोकळं हसताना पाहिलं नव्हतं. त्यानंतर एकेक करून बाकीचे बोलले.

निंभोरकर साहेबांनी गाडी रिकामी परत नेली. चांगलं आहे असं शर्वरीने लिहून दिलं नाही. धोका आहे की नाही ते कळलेलं नाही, पावसाळाभर इथे राहून तपासणार आहे, एवढंच तिने लिहिलं. तेवढ्यावर साहेबांनी माणसं हलवायचं दिवाळीपर्यंत पुढे ढकललं. सुट्टी वाढली नाही तर नोकरीचं काय, असं हव्वाने विचारलं, तेव्हा शर्वरीने आपली पिशवी कौतिकाबाईच्या ओट्यावर ठेवली.

दिवस कलताना ती पेटी घेऊन पुन्हा बाहेर पडली. जाळं कुठे संपतं त्याची कड तिला आखून ठेवायची होती, म्हणजे पावसात ते किती वाढलं हे मोजता आलं असतं. कौतिकाबाई आणि अमीनाथ तिच्याबरोबर होत्या. अमीनाथच्या घरामागे वस्ती संपत होती. पुढे उघडा माळ, खुरट्या बोरी आणि तापलेली काळी माती. तिथे काही सारवलेलं नव्हतं, काही लावलेलं नव्हतं. शर्वरीने मातीत सुया खोचल्या, कळ फिरवली आणि शांततेची वाट पाहिली.

टिक, असं झालं. मग पुन्हा टिक.

ती वीसेक पावलं पुढे गेली. तिथेही होतं. आणखी पुढे गेली. आवाज बारीक होत गेला, पण थांबला नाही. तो एकाच दिशेने, एका रेषेत चालला होता, आणि त्याच्यामागोमाग गावाकडून ओल येत होती. तिने मूठभर माती उकरली. वैशाखातली ती माती बोटांना गार लागली.

"ओल शोधत असेल," शर्वरी म्हणाली. पण पुढचा माळ वस्तीहून जास्त कोरडा होता, हे ती स्वतःच पाहत होती.

"तिकडं कोण राह्यते?" अमीनाथने विचारलं.

कौतिकाबाईने डोळ्यांवर हात धरून पाहिलं. तिकडे कोणी राहत नव्हतं. नुसती मोकळी जागा होती, गावभर माणसं मावतील एवढी. यंदा आणखी बेटं रिकामी होताहेत, आणखी बोटी निघाल्या आहेत, असं सकाळच्या बातम्यांत सांगितलं होतं. पण ती माणसं कुठल्या किनाऱ्याला लागतील हे अजून कोणालाच माहीत नव्हतं.

पेटीतली टिकटिक सावकाश, एकामागून एक, त्या रिकाम्या जागेकडे चालली होती. तिघी मातीत बसून ऐकत राहिल्या. पाणी कोणासाठी चाललं होतं?